काळीत चालणारा पाय

काकासाहेबानं वाटण्या पाडल्या त्या जमिनीकडं बघून नाही, धाकट्या भावजयीच्या पायाकडं बघून.

एका बाजूला ओढ्याकडची चार एकर काळी. दुसऱ्या बाजूला डांबरी सडकेच्या अंगाची सात एकर मुरमाड. पोळा झाल्यावर त्यानं पंचांना बोलावलं आणि छाती फुगवून सांगितलं, "थोरल्यानं वाटावं, धाकट्यानं उचलावं, ही आपली बापजाद्याची रीत. बिरूला पसंत पडंल ते त्यानं उचलावं. म्या तीन एकरावर पाणी सोडायला तयार हाये."

ऐकणाऱ्याला वाटावं, केवढा दिलदार भाऊ! पण वडीगोद्रीपासून कोसभर आत असलेल्या त्या वाडीत शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक होतं, की मुरमाडाच्या सात एकरांत जेवढी ज्वारी होत नाही तेवढी काळी एका एकरात देते. आणि हेही ठाऊक होतं, की बिरूची बायको आसराबाई हिचा डावा पाय लावलेला आहे. तो पाय सडकेवर चालतो, मुरमाडात चालतो, ओल्या काळीत मात्र रुतून बसतो. ज्वारी पेरायची तर तिफणीमागं चालत तिच्या चाड्यात, म्हणजे लाकडी वाडग्यात, सारखे दाणे सोडायला बाईमाणूस लागतं. बाईच चालू शकत नाही तर बिरू काळी उचलून करणार काय? मेंढरांच्या मागं फिरणारा माणूस, मुरमाडावर मेंढरं बसवील आणि गप राहील. काकासाहेबाचा हिशेब असा पक्का होता.

"घाई न्हाई," तो म्हणाला. "दसऱ्याला उचला."

बिरू पंचांच्या मागं उकिडवा बसून काडीनं माती उकरत होता. त्यानं मान वर केली नाही.

आसराबाईचा पाय साप चावल्यामुळं गेला, असं सगळे सांगत. तिला विचारलं तर ती म्हणे, साप चावला रानात, पाय गेला मारुतीच्या देवळात. आदल्या वर्षी, पंच्याण्णवच्या कार्तिकात, कापूस वेचताना तिला घोणस चावली. साप चावलेलं माणूस आधी मारुतीच्या देवळात न्यायचं, कडुनिंबाचा पाला चावायला द्यायचा आणि वीष उतरायची वाट बघायची, ही वाडीची रीत. बिरू मेंढरं घेऊन गोदाकाठाला गेलेला. त्यामुळं शब्द चालला थोरल्याचा. देवळाच्या ओट्यावरून सडक दिसत होती. दोन जीपा तिच्या डोळ्यांदेखत अंबडकडं गेल्या. बायाबापड्या म्हणाल्या, दवाखान्यात न्या. काकासाहेब म्हणाला, "दिवस मावळायच्या आत देवळाबाहेर काढली तर बाधा व्हती. मंग मला बोलू नका." दिवस मावळेपर्यंत पाय घागरीसारखा फुगला आणि काळानिळा पडला. पुढं औरंगाबादच्या दवाखान्यात गुडघ्याखाली चार बोटं ठेवून डॉक्टरांनी तो कापला.

ती घरी आल्यापासून काकासाहेब तिच्या वाऱ्याला उभा राहत नव्हता. खरं तर त्यानं तोंड लपवायचं. पण माणूस ज्याचं वाटोळं करतो त्याच्यावरच दात धरून बसतो, तसं त्याचं झालं होतं. ती ओसरीवर दिसली की तो बैलांना शिव्या द्यायचा.

चैत्रात जालन्याला मस्तगडाजवळच्या एका धर्मशाळेत पाय वाटायचं शिबिर भरलं. तिथं तिला पाय मिळाला. गव्हाळ रंगाचा, पाच बोटांचा, बोटांना नखंसुद्धा होती. पाय बसवणारा साहेब भला माणूस होता. त्यानं तिला अंगणात दहा फेऱ्या मारायला लावल्या आणि म्हणाला, "आता जिने चढा, मांडी घाला, बाजारात फिरा. फक्त चिखलात जायचं नाही, बाई."

"मंग आमी जावं कुठं, साहेब?" तिनं विचारलं. साहेबाला वाटलं बाई थट्टा करते आहे. तो हसला आणि त्यानं पुढच्या माणसाला हाक मारली.

श्रावणात पाऊस उघडल्यावर ती हट्टानं काळीत निंदायला गेली. चार पावलं गेली असेल नसेल, चिखलानं पाय धरला. तिनं जोर लावला तसा मांडीला बांधलेला पट्टा निसटला, ती तोंडावर पडली आणि पाय मागं चिखलात तसाच उभा राहिला. रोजंदारीच्या बाया बघत होत्या. तिची थोरली जाऊ वच्छलाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "घ्या! बाईच्या आधी पायच निंदायला लागला!"

बाया पोट धरून हसल्या. आसराबाई हातावर सरकत मागं गेली, दोन्ही हातांनी पाय उपटला, बांधावर बसून बांधला आणि घरी आली. तिला रडू आलं ते पडल्याचं नाही. वाडीत चाड्यावर तिच्यासारखी मूठ दुसरीची नव्हती. तिच्या मुठीची ज्वारी दोरी लावल्यासारखी उगवायची आणि परगावचे लोक बांधावर थांबून विचारायचे, कोणाची मूठ आहे? त्याच रानात आता तिचा तमाशा झाला होता.

म्हणून वाटणीचं ऐकलं आणि दुसऱ्याच दिवशी ती काठी टेकत पुंजाराम सुताराकडं गेली. पुंजाराम वाकसानं वखराचं लाकूड तासत होता.

"चिखलात चालंल असा पाय करून द्या, मामा," ती म्हणाली. "गुडघा बसतो ती वरली वाटी हीच ऱ्हाऊ द्या. खाली बाभळीचं लाकूड लावा."

"औताला बलुतं हाये, बाई. पायाला न्हाई."

"तिफणीमागं चालायचं हाये त्येनं. मंग औतच झालं की."

पुंजारामनं वाकस खाली ठेवला. "खरं सांगू का? तुझ्या भासऱ्यानं, काकासाहेबानं निरोप धाडलाय, हिला लाकूड द्यायचं न्हाई. खळ्यावर माझी पाटी त्योच भरतो."

"त्येच्या हातात पाटी हाये, तर माझ्या हातात चाती हाये. एका घोंगडीचं सूत कातून देते. थंडी काय तुमाला वाजत न्हाई?"

म्हाताऱ्याला दर हिवाळ्यात दमा धरायचा. तो वाकून तिचा पाय निरखायला लागला. मग म्हणाला, "पण ह्यो खालचा पाय कापावा लागंल. फुकटात मिळालेली चीज. उद्या माझं लाकूड चाललं न्हाई तर? न्हाई रे बाबा, म्या करवत लावणार न्हाई."

आसराबाईनं पाय सोडला, ओंडक्यावर आडवा धरला आणि करवत उचलली. "पयला पाय मला इचारून कापला न्हाई कुणी. ह्यो मी कापते."

नखं असलेलं ते पाऊल भुशात पडलं तेव्हा पुंजारामनं तोंड फिरवलं.

पहिल्यांदा केला तो सरळ खुंट. काळीत तो पहारीसारखा आत गेला आणि तिला काढायला दोन बाया लागल्या. मग खाली भाकरीएवढी गोल फळी ठोकली. फळी रुतली नाही, पण उचलताना चिखल खालून असा चिकटायचा की वाटीच मांडीवरून निघायची. ती तीनदा उताणी पडली. कापलेल्या जागेचं सालटं गेलं, फडक्याला रक्त लागलं. पुंजाराम चिडला, "दोनदा केलं. सुताची भरपाई झाली. आता बास."

"सूत दीडपट देते."

"तुझ्या सुतापायी माझं बलुतं जाईल!"

पण लाकूड त्यानं फेकून दिलं नाही, कोपऱ्यात ठेवलं.

आठ दिवस आसराबाई ओढ्याकाठी सूत कातत बसली. समोरून मेंढरं पाण्यावर यायची. काठाला गुडघाभर गाळ होता. म्हशी त्यात फसायच्या, बैल बुजायचे, मेंढरं मात्र टपटप चालत पार व्हायची. तिची चाती थांबली. तिनं एक मेंढी धरली, मांडीवर उताणी पाडली आणि तिचा खूर दाबून बघितला, सोडून बघितला. असं किती वेळ चाललं कुणास ठाऊक.

बिरू पलीकडं लंगडणाऱ्या मेंढीचे वाढलेले खूर सुरीनं तासत होता. तिनं ओरडून विचारलं, "ह्यांचा पाय चिखल काहून धरत न्हाई वो?"

"खूर टेकला की फाकतो," बिरू हातातलं काम न थांबवता म्हणाला. "उचलला की मिटतो. मिटला की बाजूनं वारं खाली शिरतं. वारं शिरलं की चिखल सोडतो." एवढं बोलून तो सुरी पुसायला लागला. जास्तीचं काही बोलून गेल्यासारखं त्याचं तोंड झालं होतं.

पुंजारामनं कोपऱ्यातलं लाकूड पुन्हा काढलं आणि तिसरा पाय दोन खुरांचा झाला. पण खुरं घट्ट होती, फटीत चिखल भरायचा आणि पुन्हा फळीच व्हायची. मग ती सडकेवर गेली आणि वडीगोद्रीच्या पंक्चरवाल्याकडून ट्रकच्या ट्यूबचा तुकडा मागून आणला. दोन्ही खुरं वेगळी करून मागून त्या रबरानं जोडली. फट पुढं रुंद, मागं निमुळती. लाकडाला करडईच्या तेलाचा हात. आणि वाटी निसटू नये म्हणून खाटेच्या जुन्या नवारीचा पट्टा खांद्यावरून घेऊन वाटीला बांधला, म्हणजे पाय मांडीनं नाही, पाठीनं उचलायचा. हे शेवटचं तिचं तिलाच सुचलं. पाण्याची घागर ती अशीच उचलायची.

ओढ्याच्या गाळात तिनं तो पाय टेकवला. खुरं फाकली. उचलला. खुरं मिटली, पचकन आवाज झाला आणि पाय वर आला. तिला एवढा आनंद झाला की ती एकटीच हसायला लागली.

वाडी मात्र हसली ती वेगळ्या कारणानं. ती पाणवठ्यावर आली की बाया एकमेकींना कोपर मारून मेंढीसारखं "ब्यां" करायच्या. वच्छलाबाईनं तिला चुलीपाशी येऊ दिलं नाही. "खुराचं मानूस भुताचं असतं. घरात अवदसा आणती." पंचांतला सगळ्यात म्हातारा रखमाजी, तोसुद्धा वाटेत तिला आडवा झाला. "धनगराची सून तू. जनावराचा पाय लावून फिरती, लाज न्हाई?" आसराबाई त्याच्याही अंगावरून पुढं गेली. जखमेवर रोज नवं फडकं आणि रोज ओढ्याच्या पन्नास फेऱ्या, एवढंच तिनं धरलं होतं.

दसऱ्याला चार दिवस राहिले तेव्हा वच्छलाबाईच्या पोटातलं ओठांवर आलं. आसराबाई ओसरीवर खुरांना तेल लावत होती. वच्छलाबाई जात्यावरून उठली आणि म्हणाली, "लाव, लाव. खूर लाव न्हाईतर शिंगं लाव. तुझा नवरा मुरमाडच उचलणार हाये."

"ते त्येनला ठरवू द्या, आक्का."

"ठरलंय कव्हाच! तू दवाखान्यात व्हतीस तव्हा बिरोबाच्या म्होरं भंडारा उचललाय त्यानं. दादा, माझ्या हातानं काळीची माती उचलणार न्हाई, म्हणला. इचार त्याला!"

आसराबाईचा हात खुरावर तसाच राहिला. भंडारा उचलणं म्हणजे देवाच्या हळदीवर हात ठेवून घेतलेली आण. ती मोडली तर मेंढरं मरतात, वंश बुडतो, असं मानणारी ती माणसं. औरंगाबादला तिचा पाय कापला जात होता तेव्हा इकडं भावानं भावाकडून जमीन कापून घेतली होती. आणि बिरू दहा महिने तिच्या शेजारी जेवला, झोपला, खुराचं गुपित सांगितलं, पण हे बोलला नाही. तिला त्याची अशी चीड आली की तो संध्याकाळी आला तेव्हा तिनं भाकरीचं ताट त्याच्यापुढं सरकवलं आणि पाठ केली. त्याला विचारून उपयोग नव्हता. विचारलं असतं तर तो फक्त रडला असता.

रात्रंदिवस तिच्या डोक्यात एक गोष्ट घोळायला लागली. तिची मेलेली सासू सांगायची ती. आजेसासऱ्याच्या वेळी वाटणी झाली तेव्हा तो धाकटा मेंढरं घेऊन लांब गेला होता, आणि त्याची बायको रानाच्या मधोमध जाऊन माती घेऊन आली होती. पंचांनी ती मानली होती.

दसऱ्याच्या सकाळी दोन्ही रानांच्या मधल्या बांधावर, लिंबाखाली घोंगडी अंथरली. पाच पंच बसले. काकासाहेब नवा फेटा बांधून आला होता. काळीकडं बघून रखमाजी चमकला. पाऊस थांबून सहा दिवस झाले होते, पेरणीजोगी ओल आली असायला हवी होती. पण रानात पाणी चमकत होतं.

"ह्ये काय रे?"

"ओल कमी वाटली. काल मोटार लावल्ती," काकासाहेब म्हणाला.

पेरणी आठ दिवस लांबवून घेणारा शेतकरी पंचांनी जन्मात पाहिला नव्हता. ते काय समजायचं ते समजले. रखमाजीनं खाकरून रीत सांगितली. "धाकट्याच्या घरची माती जी आधी घोंगडीवर पडंल ती त्याची वाटणी. माती मधोमधची पायजे, बांधावरली चालत न्हाई. उठ, बिरू."

बिरू उठला. घोंगडीला हात लावून पाया पडला आणि मुरमाडाकडं निघाला. काकासाहेबानं मिशीवरून हात फिरवला.

तेवढ्यात लिंबाच्या मागून आसराबाई आली. लुगड्याचा काष्टा आवळलेला, खांद्यावरून नवारीचा पट्टा. तिनं काठी झाडाला टेकवून ठेवली आणि काळीत पाऊल टाकलं.

"ए! तिला अडवा!" काकासाहेब ओरडला. अडवायला काळीत उतरावं लागलं असतं. तो दोन पावलं उतरला, पिंढऱ्यांपर्यंत रुतला आणि नव्या धोतरासकट कसाबसा मागं फिरला.

ती चालत होती. खूर टेकायचा, फाकायचा, पाठीला हिसका द्यायची, पचकन सुटायचा. धड पाय मात्र प्रत्येक पावलाला अडकत होता. त्याचीच तिला ओढाताण होत होती. सालटं गेलेल्या जागेवर वाटी घासत होती, घाम डोळ्यांत जात होता. मधोमध पोचायच्या आधी ती एकदा पडली. बांधावरून कोणीतरी "ब्यां" केलं. ती कोपरावर उठली, मधोमध पोचली, मूठभर माती उचलली आणि मागं फिरली.

मुरमाडात कोरड्यावर चालणारा बिरू मनात आणतं तर एव्हाना दोनदा जाऊन आला असता. तो मधोमध पोचला होता, त्यानं माती उचलली होती, तो परत फिरला होता. घोंगडी शंभर पावलांवर असताना तो थांबला. खाली बसला. मूठ तशीच बंद ठेवून दुसऱ्या हातानं त्यानं वहाण काढली आणि तळव्यातला काटा बघायला लागला.

"बिऱ्या! जल्दी कर!" काकासाहेबाचा आवाज फाटला.

"काटा मोडलाय, दादा," बिरू तिथूनच म्हणाला. "निघंना."

"तसाच ये!"

"टेकवंना पाय." त्यानं मान खाली घातली आणि काटा काढत राहिला. जन्म रानात गेलेल्या धनगराला एवढा न निघणारा काटा कधी लागला नव्हता.

आसराबाई बांधावर चढली तेव्हा चौघे पंच उभे राहिले होते. ती गुडघ्यावर आली आणि मुठीतला काळा गोळा तिनं घोंगडीच्या मधोमध ठेवला.

"ही माती मानायची न्हाई!" काकासाहेब म्हणाला. "बाईमाणसाची माती! त्यात जनावराच्या पायानं आणलेली! उचलायचं धाकट्यानं असतं."

आसराबाई आजवर भासऱ्याशी तोंड वर करून बोलली नव्हती. आताही तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि रखमाजीकडं बघितलं. "मामा, माझ्या आजेसासऱ्याची माती कुणी आणल्ती? तुमी व्हता तिथं. बिरोबाला स्मरून सांगा."

रखमाजीला ती आवडत नव्हती, तिचा खूर तर त्याहून आवडत नव्हता. त्यानं खाली पाहिलं, तंबाखू थुंकला. खोटं बोलायची त्याची छाती झाली नाही.

"बायकोनं आणल्ती," तो कडवट तोंडानं म्हणाला. "रीत म्हंजी रीत. काळी धाकट्याची."

काकासाहेबानं फेटा काढून आपटला. "घ्या! चाटा माती! पर बैल माझे, तिफण माझी. एक तास मिळणार न्हाई. वाडीत कुणी दिली तर त्येच्याशी माझी गाठ हाये. पेरा नखानं!"

"नखानं पेरू," आसराबाई म्हणाली. ती उठायला लागली तर कोणी हात दिला नाही. लिंबाला धरून ती एकटीच उठली.

बिरू तेव्हा घोंगडीशी आला. त्याच्या मुठीत मुरूम होता. त्यानं तो कोणाला न दाखवता बांधाच्या कडेला सोडून दिला.

दोघं घरी आली. ती ओसरीवर बसली, पट्टा सोडला, वाटी काढली. फडकं जखमेला चिकटलं होतं. तिनं दात खाऊन ते ओढलं. बिरू पाण्याचा तांब्या घेऊन समोर उभा होता.

"काटा निघाला का?" तिनं विचारलं.

त्यानं तांब्या तिच्यापुढं ठेवला.

"भंडारा उचलला तव्हा माझा पाय कापून राह्यले व्हते. ठावं व्हतं तुमाला?"

"व्हतं."

"मला सांगितलं न्हाई."

"न्हाई." त्याचे डोळे भरले. "दादानं म्हणलं, तुझी बायको काय वाचत न्हाई, काळीत तिफणीमागं चालणार कोन..."

"रडू नका. रडलेलं मला चालत न्हाई आता."

तिनं तो पाय उचलला आणि त्याच्या मांडीवर टाकला. दोन्ही खुरांत काळा चिखल ठासून भरला होता. "साफ करा."

बिरू खाली बसला. कमरेची सुरी काढली. लंगड्या मेंढीचा खूर धरावा तसा त्यानं तो पाय गुडघ्यांत धरला आणि फटीतून, रबराच्या सांध्यातून चिखल खरवडायला लागला. एक गोळा निघाला. तो अंगणात भिरकावणार तेवढ्यात तिनं त्याचं मनगट धरलं.

"फेकू नका," ती म्हणाली. "आपल्या रानातली हाये ती. उद्या परत न्यायची."